मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या 'वन' गाण्याचा अर्थ मी चुकीचा लावतोय का?

खारीगावकर:

नमस्कार मंडळी. इथे हेवी मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक, मनापासून ऐकणारे बरेच जण आहेत, म्हणून हा प्रश्न इथेच विचारतोय. थोडं लांबेल, वाचून घ्या.

मी कळव्याला खारीगावात राहतो, वय ४६, महाप्याला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. गेल्या रविवारी भाच्याबरोबर नेरूळहून गाडीने परत येत होतो. ठाणे-बेलापूर रोडला तुर्भ्याच्या पुढे ट्रॅफिक तुंबलेलं. त्याने 'वन' लावलं. मी हे गाणं गेली दोन वर्षं ऐकलेलं नाही, समोर आलं तर पुढे ढकलतो. सुरुवातीची ती शांत गिटार चालू झाली आणि माझ्या घशाशी आलं. म्हटलं, बंद कर रे, मला बाबा आठवतात. त्याने लगेच बंद केलं. घणसोली येईपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, "मामा, रागावू नकोस, पण ते गाणं युद्धाबद्दल आहे. आजोबांचा त्याच्याशी काय संबंध?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

या गाण्याचा अर्थ मी आयुष्यात तीनदा लावलाय. पहिला, १९९५ साली. मी मराठी मीडियमचा, नुकताच अकरावीला गेलेलो. मित्राकडून कॅसेट आणली, आतल्या कागदाची स्टेशनजवळ झेरॉक्स काढली. अक्षरं इतकी बारीक की एकेक ओळ पट्टी ठेवून वाचायचो. शेजारी डिक्शनरी. त्यात लँडमाइन आला. डिक्शनरीत 'माइन' म्हणजे खाण. झालं! मी पक्कं ठरवलं की हा खाणीत गाडला गेलेला कामगार आहे. अंधार, हलता येत नाही, बोलता येत नाही, वर कुणाला ऐकू जात नाही. सगळं तंतोतंत बसत होतं. बाबांनी मला चासनाल्याच्या खाणीबद्दल सांगितलेलं होतं, १९७५ मध्ये पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले ती. मी दोन वर्षं 'वन' ऐकताना चासनाला बघत होतो.

दुसरा अर्थ वाशीला एका मित्राच्या घरी कळला. त्याच्याकडे व्हिडिओ कॅसेट होती. त्यात जुन्या सिनेमाचे तुकडे आहेत, पलंगावर पडलेला सैनिक, तोंडावर कापड. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे, कान, जीभ काही उरलेलं नाही, फक्त डोकं जागं आहे. तो उशीवर डोकं आपटून मोर्स कोडमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या सांकेतिक भाषेत, बोलायचा प्रयत्न करतो. लँडमाइन म्हणजे भूसुरुंग हे त्या दिवशी कळलं. माझा खाणीचा अर्थ सरळसरळ चूक होता, त्यात वाद नाही.

तिसरा अर्थ बाबांचा.

बाबा वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर होते, ३१ वर्षं. डाव्या तर्जनीचं पहिलं पेर प्रेसखाली गेलेलं. हेवी मेटलशी त्यांचा संबंध एकदाच आला. कॉलेजात असताना मी त्यांना ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याच्याबद्दल सांगितलं होतं. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तेही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडून वाजवायला लागला, आणि तो जड आवाज त्यातून आला. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीनला गार्ड लावला नव्हता का?"

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यानंतर चौदा महिने ते आमच्या हॉलमध्ये, सर्जिकलच्या दुकानातून भाड्याने आणलेल्या पलंगावर होते. डावा हात चालायचा. त्या हाताच्या मधल्या बोटाने ते पलंगाच्या स्टीलच्या रेलिंगवर वाजवायचे. टक, टक, टक. कधी कधी अर्धा अर्धा तास.

'वन'मध्ये शेवटाकडे ड्रमचा जो भाग येतो त्याला सगळे मशीनगन म्हणतात. मला तिथे मशीनगन ऐकू येतच नाही. मला तो माणूस आतून ठोठावतोय एवढंच ऐकू येतं.

तर प्रश्न असा. खाणीचा अर्थ चुकीचा, युद्धाचा बरोबर. मग बाबांचा अर्थ कुठे ठेवायचा? तोही खाणीसारखाच काढून टाकायचा का?


दिघा_लोकल:

दादा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण विचारलंच आहे तर स्पष्ट सांगतो, भाचा बरोबर आहे.

हे गाणं डाल्टन ट्रम्बोच्या १९३९ च्या 'जॉनी गॉट हिज गन' या कादंबरीवरून आलेलं आहे. पहिल्या महायुद्धातला सैनिक. १९७१ ला ट्रम्बोनेच त्यावर सिनेमा केला. मेटॅलिकाने १९८८ च्या अल्बममध्ये गाणं घेतलं, १९८९ ला व्हिडिओ आला, तो त्यांचा पहिलाच. त्यासाठी बँडने सिनेमाचे हक्कच विकत घेतले. एखादा बँड आपल्या गाण्याचा अर्थ यापेक्षा ठळक कसा सांगणार? हा माणूस आजारी पडलेला नाही. त्याला कुणीतरी लढायला पाठवलंय, आणि परत आल्यावर त्याला नळ्या लावून एका खोलीत लपवून ठेवलंय. त्यातून युद्ध काढलं तर पाठवणारे सुटतात. माझा आक्षेप एवढाच आहे.


खारघर_सेक्टर१२:

दिघा, तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे, पण क्रम उलटा लागलाय. आणि या गाण्याच्या बाबतीत क्रमच महत्त्वाचा आहे.

मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफील्ड याच्या डोक्यात आधी युद्ध नव्हतं. आधी कल्पना होती ती अशी की माणूस नुसता जागा आहे, शरीर उरलेलं नाही, आजूबाजूच्या कुणापर्यंत पोचायचा मार्ग नाही. हे तो बोलल्यावर बँडच्या मॅनेजरने सांगितलं की अशी एक कादंबरी आहे, वाच. कादंबरी नंतर आली, आणि तिच्याबरोबर युद्ध आलं. बँडचा ड्रमर लार्स उलरिक याने हे सांगितलेलं आहे. म्हणजे खारीगावकरांना जे बीज ऐकू येतंय, तेच मुळात पेरलेलं होतं.

शिवाय गाणं कादंबरीला धरून चालतच नाही. कादंबरीत तोफगोळा आहे, गाण्यात भूसुरुंग. गाण्याच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरचा आवाज आहे, नीट ऐका. पहिल्या महायुद्धात हेलिकॉप्टर कुठून येणार? गाण्यातला माणूस म्हणतो मला काही आठवत नाही. कादंबरीतल्या माणसाला सगळं आठवतं, वडील, घर, पावाची बेकरी, अर्धं पुस्तक आठवणींचंच आहे. आणि सगळ्यात मोठा फरक शेवटाचा. कादंबरीतला माणूस मोर्समध्ये काय मागतो? मला बाहेर न्या, लोकांना दाखवा, युद्ध काय करतं ते त्यांना बघू दे. तसं नियमात बसत नाही असं त्याला कळवलं जातं. गाण्यात यातलं काही नाही. तिथे तो फक्त मरण मागतो.

म्हणजे दिघा, तुम्ही ज्याला गाण्याचा अर्थ म्हणताय, तो निम्मा कादंबरीचा आहे. गाण्याने स्वतः सैनिकाची मागणी बदलली.

खारीगावकर, तुम्ही टूल हा बँड ऐकता का? २००६ च्या '१०,००० डेज' अल्बममध्ये 'विंग्ज फॉर मेरी' आणि अल्बमच्याच नावाचं गाणं अशी जोडी आहे, मिळून सतरा मिनिटांच्या आसपास. टूलचा गायक मेनार्ड कीनन याची आई जुडिथ मेरी, तो अकरा वर्षांचा असताना पक्षाघाताने पडली. २७ वर्षं तशीच काढली आणि २००३ मध्ये गेली. २७ वर्षांचे दिवस मोजा, दहा हजाराच्या जवळ जातात. मुलाने लिहिलंय, आणि आईच्या श्रद्धेबद्दल लिहिलंय, जी त्याच्यात स्वतःत नव्हती. तुमच्या घरात जे घडलं त्याचं गाणं हवं असेल तर ते तयार आहे. पावसाचे आवाज आहेत त्यात. रात्री ऐका, एकटे असताना.


खारीगावकर:

खारघर, मॅनेजरची गोष्ट मला माहीत नव्हती. भाच्याला पाठवली. टूलचं ते गाणं काल रात्री ऐकलं. फार मोठं आहे ते. पण एक सांगू का, मला ते माझं वाटलं नाही. तो मुलगा आईबद्दल बोलतोय. मला बाबांबद्दल बोलणारं गाणं नको होतं. मला बाबांच्या आतून येणारं हवं होतं, आणि ते 'वन'मध्येच मिळतं.


नेरूळची_ताई:

मी कॉलेजमध्ये मराठी शिकवते. मेटल माझ्याकडे नवऱ्याकडून आलं, त्यामुळे बँडची माहिती तुमच्याएवढी नाही. पण 'अर्थ कुणाचा' हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून लिहिते.

याच संगीतावरून ही चर्चा अमेरिकेच्या सिनेटमध्ये झालेली आहे. १९ सप्टेंबर १९८५. रेकॉर्डवर इशाऱ्याचं लेबल लावावं म्हणून मागणी करणाऱ्या मंडळींमधल्या टिपर गोर यांनी ट्विस्टेड सिस्टर बँडच्या 'अंडर द ब्लेड' गाण्यावर आरोप केला होता की त्यात लैंगिक छळ आहे. गाणं लिहिणारा डी स्नायडर स्वतः साक्षीला आला आणि म्हणाला, हे ऑपरेशनबद्दल आहे. आमच्या गिटारवाल्याच्या घशाची शस्त्रक्रिया व्हायची होती, त्या भीतीवर लिहिलंय. बांधलेले हात, वरचा दिवा, पातं, सगळं ऑपरेशन थिएटरमधलं. पुढे त्याने आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडतं. ऐकणारा स्वतःची कल्पना आणि अनुभव गाण्यात घालतो, म्हणून ज्यांना छळ शोधायचा होता त्यांना छळ सापडला, शस्त्रक्रिया शोधली असती तर तीही सापडली असती.

हे दोन्ही बाजूंनी लागू पडतं बरं का. ऐकणाऱ्याला वाट्टेल ते सापडू शकतं, आणि त्यावरून तो दुसऱ्यावर आरोपही करू शकतो. म्हणून दिघा म्हणतात ती शिस्त हवी.

पण आपल्याकडे दुहेरी अर्थाची सवय जुनी आहे. एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या. समोर बसलेल्या माणसाला खरा विंचू दिसतो, नाचणारा कळवळतो तेव्हा तो हसतो. त्याच वेळी काम-क्रोधाचा विंचूही कळतो. पण कुणी असं म्हणत नाही की आतला अर्थ कळला, आता बाहेरचा विंचू मारून टाका. विंचू खराच असावा लागतो, नाहीतर भारूड उभंच राहणार नाही. तसंच इथे सैनिक खराच असायला हवा. खारीगावकर, तुम्ही सैनिकाला काढून तिथे बाबांना बसवलेलं नाही. तुम्हाला दोघंही दिसतायत. खाणीच्या वेळी तुम्हाला सैनिक दिसतच नव्हता. फरक तिथे आहे, असं मला वाटतं.


दिघा_लोकल:

ताई, भारुडाचं पटलं. पण भारुडात आतला अर्थ एकनाथांनी स्वतः ठेवलाय, शब्दांत सांगितलाय. 'वन'मध्ये पक्षाघात कुणी ठेवलेला नाही.

मी दोन गोष्टी वेगळ्या मानतो. गाण्याचा अर्थ एक, आणि गाण्याने होणारी आठवण दुसरी. माझ्या लग्नात बँडवाल्यांनी जे वाजवलं ते ऐकलं की मला लग्न आठवतं, म्हणून ते गाणं माझ्या लग्नाबद्दल होत नाही. दादांची आठवण खरी आहे, मोलाची आहे. तिला अर्थ म्हणू नये, एवढंच.


सानपाडा_स्पीच:

मी वाचा-उपचार करते, मेटल फारसं ऐकत नाही. 'वन' आज या चर्चेमुळे पहिल्यांदा ऐकलं. एक गोष्ट सांगणं गरजेचं वाटलं, कारण इथे कुणाच्या घरी असा रुग्ण असू शकतो.

गाण्यातल्या माणसाची भाषा शाबूत आहे. शरीर गेलंय, पण आत वाक्यं पूर्ण बनतायत. डाव्या मेंदूत झटका आल्यावर उजवी बाजू आणि वाचा जाते, तेव्हा बहुतेक वेळा वाचाघात असतो. त्यात खुद्द भाषाच विस्कटते. ऐकलेलं कळायलाही अडचण येऊ शकते. 'हो' म्हणायचं असताना 'नाही' निघतं. त्यामुळे एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही, असं ठरवलं तरी उत्तर भरवशाचं नसतं. माणूस जागा असतो, त्याला भावना असतात, माणसं ओळखू येतात. पण आत बसून तो मोर्स पाठवतोय असं धरून चालू नका.

उलट जे एक वाक्य बोलू शकत नाहीत, ते कधी कधी आरती अख्खी म्हणतात. चाल आणि ठेका यांची वाट मेंदूत थोडी वेगळी आहे, तिचा उपचारातही वापर होतो. घरी रुग्ण असेल तर जुनं, पाठ असलेलं काहीतरी त्यांच्याबरोबर म्हणून बघा. हातावर ठेका धरा.


कोपरखैरणे_तबला:

सानपाडाताईंनी ठेक्याचा विषय काढला म्हणून मी घुसतो. मी तबला वाजवतो आणि मेटल ऐकतो, दोन्ही वीस वर्षं.

तुम्ही सगळे शब्दांत अर्थ शोधताय. या संगीतात अर्थ पुष्कळदा मोजणीत असतो. खारघरनी टूल काढलं, मी त्याच बँडचं २००१ चं 'लॅटरॅलस' सांगतो. पहिल्या कडव्यात किती अक्षरांवर गायक थांबतो ते बोटावर मोजा. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, मग परत पाच, तीन. पुढे तेरापर्यंत चढतं आणि पुन्हा उतरतं. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यात, ९, ८ आणि ७ ची आवर्तनं पाठोपाठ येतात, आणि ९८७ हाही त्याच मालिकेतला आकडा. गाणं गोल गोल वर चढण्याबद्दल बोलतं आणि मोजणीही तशीच चढते. शब्द कळले नाहीत तरी ते अंगाला कळतं.

आणि ही मालिका आपल्याकडे छंदशास्त्रातून आलेली आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन मात्रांची जागा किती प्रकारे भरता येईल? लघु-लघु-लघु, लघु-गुरू, गुरू-लघु. तीन. चार मात्रांची पाच प्रकारे, पाचांची आठ. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्यावर हे मांडलं, आणि ज्याच्या नावाने ही मालिका ओळखली जाते त्या इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. माझ्या गुरुजींनी हे मला टाळ्या वाजवून शिकवलं होतं, कागद न घेता.

'वन'चा तो भागही शब्दांशिवाय आहे. आधी डबल बेस ड्रम सहा-सहाचे झटके देतो, मध्ये मोकळी जागा, परत सहा. गिटार नेमकी त्याच झटक्यांवर येते. मशीनगन म्हणा नाहीतर ठोठावणं म्हणा, पण तिथे विनंती नाही, तो आवेग आहे. थांबून थांबून येणारा.

म्हणून खारीगावकर, मला एक सांगा. बाबांची टकटक कशी होती? झटके येऊन थांबायची, की सरळ चालायची? तुम्ही एवढं लिहिलंत पण लय सांगितली नाहीत. आणि त्यांना काय हवं होतं ते कळलं का शेवटी?


खारीगावकर:

तबलेवाले, नेमकं तेच विचारलंत जे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. लिहायला धजलो नव्हतो. आता सगळं सांगतो, म्हणजे दिघांनाही उत्तर होईल.

दिघा, तुम्ही म्हणता ही नुसती आठवण. तसं नाही. ते गाणं बाबा पडायच्या आधी पंचवीसेक वर्षं माझ्या डोक्यात होतं. त्याने मला काय शिकवलं होतं? की पलंगावर निपचित पडलेला माणूस आत जागा असतो. बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं त्याच दिवशी मी घरात सगळ्यांना सांगितलं की त्यांच्यासमोर "यांना काही कळतं का" असं कुणी विचारायचं नाही. कूस बदलताना, डायपर बदलताना आधी सांगायचं, बाबा, आता डावीकडे करतोय. भेटायला येणारे नातेवाईक पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे, त्यांना मी उशाशी खुर्चीवर बसवायचो. सेवेसाठी नर्सिंग ब्युरोचे मामा यायचे, त्यांनाही हे शिकवलं. हे मी कुठल्या डॉक्टरकडून शिकलो नाही. त्या झेरॉक्सच्या कागदावरून शिकलो.

पण त्याच गाण्याने माझ्याकडून दुसरी एक गोष्टही करवली.

खारघर म्हणाले तसं, गाण्यातला माणूस मरण मागतो. बाबांची टकटक सुरू झाली तो दिवाळीनंतरचा आठवडा होता. पहिल्या दिवशी आम्ही सगळं विचारलं. पाणी? लघवी? पाय दुखतोय? पंखा कमी करू? एक टक हो, दोन टक नाही, हेही करून पाहिलं. उत्तरं एकमेकांना छेद देणारी यायची, ती का ते आज सानपाडाताईंमुळे कळलं. आणि मग दुसऱ्या दिवशी रात्री, एअर बेडच्या पंपाची घरघर चालू असताना, त्या टकटकीने मला पक्कं वाटलं की बाबा 'वन'मधलं मागणं मागतायत. मला सोडवा, असं म्हणतायत.

त्यानंतर मी विचारणंच बंद केलं. खरं उत्तर आलं तर काय करणार होतो मी? ते वाजवायला लागले की मी त्यांचा हात हातात घेऊन बसायचो, म्हणजे आवाज बंद व्हायचा. लोकांना वाटायचं मुलगा किती प्रेमाने हात धरून बसतो. मी त्यांना गप्प करत होतो. असे अकरा दिवस गेले.

लय विचारलीत ना? झटके नव्हते. सहाचे नाही, तीनाचे नाही. सरळ, एकसारखी. टक आणि टकमधलं अंतर कधी चुकायचं नाही. एकतीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाचा हात तो. मी मेटल ऐकणारा, पाचवीपासून बाकावर ड्रम वाजवणारा, मला त्यातला ठेका ऐकू आला नाही, कारण मी आधीच अर्थ लावून बसलो होतो.

बाराव्या दिवशी संध्याकाळी बायको हॉलमध्ये खाली बसून मेथी निवडत होती. तिला मेटॅलिका माहीत नाही, माझी गाणी लागली की ती दार लोटून घेते. बाबा वाजवत होते. तिने थोडा वेळ ऐकलं, मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, बाबा घड्याळासारखं वाजवतायत बघा."

आणि तिने वर पाहिलं.

पलंगाच्या समोरच्या भिंतीवर बाबांना कंपनीने पंचवीस वर्षं झाल्यावर दिलेलं घड्याळ आहे. चौकोनी, खाली कंपनीचं नाव. ते चार वाजून दहा मिनिटांवर बंद पडलेलं होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. आम्ही सगळे मोबाईलमध्ये वेळ बघणारे, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाबांना दिवसभर समोर तेवढंच दिसत होतं. त्यांच्यासाठी सतत चार दहाच वाजलेले.

मी खाली दुकानात जाऊन पेन्सिल सेल आणला. स्टुलावर चढलो, घड्याळ उतरवलं, पुसलं, सेल घातला, मोबाईलवर बघून काटे लावले, सात वाजून सदतीस. वर टांगलं. सेकंदकाटा हलायला लागला, आणि या घड्याळाला चांगलाच आवाज आहे, हॉलभर ऐकू येतो. बाबांनी रेलिंगवर तीन-चार वेळा त्याच्याबरोबर वाजवलं, अगदी काट्याला काटा जुळवून. मग हात उचलून पोटावर ठेवला. पुढे शेवटपर्यंत त्यांनी तसं कधी वाजवलं नाही.

ते आणखी अकरा महिने होते.

दोन वर्षं मी हे गाणं का टाळत होतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. तो माणूस ठोठावायला लागला की मला माझा हात बाबांच्या हातावर दिसतो. दिघा, त्याला तुम्ही अर्थ म्हणा की आठवण म्हणा, आता मी हट्ट धरणार नाही. खारघर, कादंबरी मागवली आहे. त्यातला माणूस मरण मागत नाही, बाहेर न्या म्हणतो, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो.

आज सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या गाडीत 'वन' लावलं. दिघा गावाला लावलं ते घणसोलीच्या आसपास संपलं, मधे बंद केलं नाही. भाच्याला रविवारी घरी बोलावलंय, त्याला हे सगळं तोंडी सांगायचं आहे. आजोबांचं घड्याळ त्याने पाहिलेलंच आहे, अजून त्याच भिंतीवर आहे. सेल मी दर पाडव्याला बदलतो, संपलेला नसला तरी.